चातीची सावली

दत्ताराम सीमेवरच्या सत्याग्रहाला गेला, पकडला गेला आणि तीन महिन्यांची सजा घेऊन तिकडच्याच तुरुंगात बसला. निघताना चाळीने त्याला हार घातले, पोरांनी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ओरडत नाक्यापर्यंत पोचवलं, आणि त्याची बायको कौसल्या हिने दारात ओवाळलं. तिला त्याचा अभिमान होताच. पण अभिमानाला फोडणी देता येत नाही. मिलचा पगार थांबला तशी तिने आपल्या खाणावळीत आणखी आठ माणसं जेवायला धरली आणि चौदा डब्यांचे बावीस झाले.

खाणावळ म्हणजे तरी काय, लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावरची एक खोली. दोन शेगड्या, एक परात, भाताचं मोठं टोप आणि दारातल्या फळीवर डब्यांची रांग. सकाळी कौसल्या बाजारातून बांगडे आणायची, पाट्यावर वाटण वाटायची, भाकऱ्या थापायची. आठ माणसं वाढल्यापासून तिचं उजवं मनगट सुजलं होतं. त्यावर हळदीचा लेप लावून तिने जुन्या लुगड्याची पट्टी आवळली होती, आणि भाकरी उलटताना ती डावा हात मदतीला घ्यायची. दुखतं असं मात्र तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

तिची मुलगी कालिंदी सकाळची शाळा करून अकराला घरी यायची ती दप्तर टाकून सरळ डब्यांपाशी बसायची. खालच्या पुडात भात, मधल्यात आमटी, वरच्यात भाकरी आणि तळलेला तुकडा. सव्वाबाराला मायलेकी डोक्यावर एकेक पाटी घेऊन निघायच्या. साडेबाराचा भोंगा झाला की सूत कातणाऱ्या रिंग खात्यातली माणसं मिलच्या फाटकाबाहेर यायची आणि एकला परत आत जायची. त्या अर्ध्या तासात डबा पोचला नाही तर समोरचा माणूस संध्याकाळपर्यंत उपाशी.

कालिंदी नववीत होती. दहावीचा वर्ग दुपारी साडेबाराला सुटायचा, आणि डबे साडेबाराला फाटकाशी लागायचे. त्यामुळे तिची शाळा नववीपर्यंतच, हे घरात कुणी न भांडताच ठरून गेलं होतं.

“नववी काय कमी झाली?” कौसल्या म्हणायची. “माका सही पण करूक येणा नाय.”

कालिंदी गप्प राहायची. गप्प राहणं म्हणजे कबूल असणं नव्हे, हे कौसल्येलाही कळत होतं. पण ती तरी काय करणार?

दत्ताराम जाण्याच्या थोडेच दिवस आधी शाळेतल्या सुभद्राबाईंनी कालिंदीला स्पर्धेत घातलं. दादरच्या एका विज्ञान मंडळाने विद्यार्थ्यांसाठी आकाशनिरीक्षणाची स्पर्धा ठेवली होती. आकाशातली कुठलीही एक गोष्ट सलग तीस दिवस स्वतः मोजायची, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि अकरा जानेवारीला वही घेऊन दादरला यायचं. वर्गातल्या मुलांनी चंद्र घेतला, मंगळ घेतला, एकाने तर अख्खी आकाशगंगा घेतली. कालिंदी रात्री भांडी घासून झाली की बसल्या जागी पेंगायची, तिला चंद्र परवडणार नव्हता. तिने सूर्य घेतला.

“एक सरळ काठी उभी कर,” बाई म्हणाल्या. “माध्यान्हीला तिची सावली सगळ्यात लहान होते. तेवढी रोज बारा वाजता मोज. आणि निवडलेल्यांच्या यादीत तुझं नाव लागलं ना, तर तुझ्या दहावीचं मी स्वतः घरी येऊन आईशी बोलेन.”

कालिंदीने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मनात धरून ठेवलं. बाकीचं तिने वहीत लिहून घेतलं.

तेव्हा दत्ताराम अजून घरीच होता. गिरणगावात असं घर नसेल जिथे मिलमधलं काही नाही. कुणाकडे पोरांना खेळायला रिकाम्या कांड्या, कुणाकडे भांडी पुसायला सुताचे गुंते. त्यांच्या घरी एक चाती होती. सूत कातायच्या साच्यात जिच्यावर कांडी गरगरते ती पोलादी सळई, तळाशी झिजलेली, भंगारात टाकलेली. दत्तारामाने ती कधीतरी खिशातून आणली होती आणि कौसल्या तिने शेगडीतली राख उकरायची. याला कुणी चोरी म्हणत नसे. दत्तारामाने जेवायच्या पाटाला भोक पाडून ती त्यात घट्ट ठोकली. पाटावर बरोबर दहा इंच उभी राहिली.

“वाकडी असती तर साच्यार एक दिस चालली नसती,” तो मुलीला म्हणाला. “हिच्यापेक्षा सरळ वस्तू तुका सगळ्या लालबागात गावची नाय.”

दोन दिवसांनी तो गेला. कौसल्या राख चिमट्याने उकरायला लागली.

सतरा नोव्हेंबरला कालिंदीने पहिली सावली मोजली. चाळीच्या चौकात पाट ठेवायचा, त्यावर काठोकाठ पाण्याची वाटी ठेवून तो सपाट आहे का बघायचा, शेजारच्या मिलचा बाराचा भोंगा झाला की चातीच्या टोकाची सावली पेन्सिलने टिपायची, पट्टीने मोजायची, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर डब्यांकडे पळायचं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. रविवारी मिल बंद, पण भोंगा व्हायचाच आणि वाटण-दळणही चालूच, म्हणून रविवारीही तेवढीच दहा मिनिटं. असे वीस दिवस झाले. सावली रोज थोडी लांबत होती आणि वहीतला आकड्यांचा रकाना बघून कालिंदीला भाकरी तव्यावर फुगावी तसं बरं वाटत होतं.

एकविसाव्या दिवशी रविवार होता. ती चौकात उकिडवी बसली असताना गॅलरीतून नानांनी हाक मारली.

नाना म्हणजे दत्तारामाच्याच मिलचे जुने टाइमकीपर. वर्षानुवर्षं फाटकावरच्या मोठ्या घड्याळाला चावी त्यांनी दिली. मुंबईची स्वतःची वेळ मोडून, अलाहाबादजवळच्या रेखावृत्तावरून ठरलेली सगळ्या देशाची एक वेळ इथेही आली, तेव्हा साहेबाच्या हुकमाने शिडीवर चढून तेच घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे त्यांनीच केलं. घरी आल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या भिंतीवरच्या घड्याळाला हात लावला नाही. ते आजही मुंबई टाइमावर चालत होतं. त्या माळ्यावर तेवढं एकच घड्याळ असल्यामुळे सगळा माळा ते बघायचा आणि मनात चाळीस मिनिटं मिळवायचा. “मुंबई आमची, आणि आमची वेळ अलाहाबादची?” असं नाना येताजाता विचारायचे. दत्तारामाला हार घालतानाही त्यांनी बजावलं होतं, “सुटान येताना आमचो टाइम पण घेवन ये.” लोक हसायचे, आणि नानांना ते हसणं लागायचं. पण त्यांनी काटा हलवला नाही.

“काय करतंस गो थंय उनात?”

“माध्यान्हीची सावली मोजते, नाना.”

“माध्यान्ह? आता खंय?” नानांनी आत डोकावून घड्याळ बघितलं. “साडेअकरा झालेत. बारा वाजूक अजून अर्धो तास आसा.”

कालिंदीही हसली असती. पण तिची नजर पाटावर होती. मघाशी टिपलेल्या खुणेपासून सावलीचं टोक आत सरकलं होतं. बाराचा भोंगा केव्हाच होऊन गेला होता आणि सावली अजून लहान होत होती.

ती तिथेच बसून राहिली. वरून आईच्या दोन हाका आल्या. नाना गॅलरीत उभं राहून दर दोन मिनिटांनी वेळ ओरडत होते, जणू पुन्हा नोकरीवर लागले होते. अकरा चाळीस. अकरा पन्नास. नानांच्या अकरा बावन्नला सावली थांबली आणि मग हळूच लांबायला लागली. म्हणजे मिलच्या घड्याळात बारा एकतीस. पहिल्या खुणेत आणि या खुणेत दीड सुताचा, म्हणजे इंचाच्या पाचव्या भागाएवढा फरक होता.

नानांचंही आठ मिनिटं चुकलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिला रडूच कोसळलं. वीस दिवस ती भलत्याच वेळी मोजत होती. बाईंनी पुस्तकातलं बारा सांगितलं, आणि पुस्तकाला लालबाग माहीत नव्हतं.

डोळे पुसून तिने वीस दिवसांवर एक तिरपी रेघ मारली. पान फाडलं नाही. खाली नवी तारीख घातली, सात डिसेंबर, दिवस पहिला. तिसावा दिवस पाच जानेवारीला येत होता. पहिल्या चार-पाच दिवसांनंतर खंड पडला तर पुन्हा तीस दिवस भरायला वेळ उरणार नव्हता.

खरी अडचण पुढेच होती. खरी माध्यान्ह साडेबाराला लागून येत होती, आणि साडेबाराला कालिंदीच्या डोक्यावर अकरा डबे असायचे.

“आये, पंधरा मिनिटं उशिरा निघालो तर?”

“बावीस माणसांक उपाशी ठेवू काय मी?” कौसल्येने मनगटाची पट्टी दातात धरून आवळली. “तुझो बापूस थंय, मी हंय अशी. आणि तुका सावली होयी.”

त्यात राग नव्हता, थकवा होता. म्हणून कालिंदीला ते जास्त लागलं. पण दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला पाटी डोक्यावर घेताना तिने डब्यांवर तो पाट चातीसकट उलटा ठेवला आणि वरून फडकं टाकलं.

“ह्या वझा आणि कित्याक?”

“माझ्या डोक्यावर आहे ना?” कालिंदी म्हणाली. कौसल्येने आपली पाटी उचलली.

फाटकासमोरच्या फुटपाथवर माणसं भिंतीला टेकून जेवायला बसायची. डबे वाटून झाले की कालिंदी जरा बाजूला फरशीवर पाट मांडायची. पहिल्या दिवशी भोवती एवढी गर्दी झाली की चातीवर ऊनच पडेना. तेव्हा दत्तारामाच्या साच्यावरचा सोबती रामदास भाताचा घास हातात घेऊन उठला.

“ए, मागे व्हा रे! दत्तारामाची पोरगी सूर्य मोजतेय. सावली सोडा तिची!”

माणसं मागे सरली. तीच मग रीत झाली. रोज साडेबाराला वीस-बावीस माणसं अर्धगोल करून जेवायला बसायची, आणि नवखा कुणी उन्हात आडवा आला की दहा तोंडं एकदम ओरडायची, “सावली सोड!” वेळ बघायला फाटकावरचं नानांचं जुनं घड्याळ होतं. पाणी सांडून वाटी रिकामी झाली तर आमटीची वाटी पुढे यायची. कालिंदी वाकून पेन्सिल टेकवायची तेव्हा चावण्याचे आवाजही थांबायचे. एवढी माणसं आपल्यासाठी गप्प बसतात याची तिला लाज वाटायची आणि मनातून फार आवडायचंही. कौसल्या रिकामे डबे गोळा करत दुरून बघायची.

पंधरा दिवस नीट गेले. सोळावा दिवस बावीस डिसेंबरचा, सोमवार. वर्षातली सगळ्यात लांब माध्यान्हसावली याच दिवशी पडते असं बाईंनी सांगितलं होतं, आणि सगळी वही या एका आकड्यासाठी चालली आहे असं कालिंदीला वाटत होतं. नेमकी त्याच दिवशी फाटकावरची पाळी बदलली. इतके दिवस रात्रपाळीला असलेला पहारेकरी दौलत दिवसाला आला.

दौलत साताऱ्याकडचा, धिप्पाड, मिशा पिळलेल्या, हातात लोखंडी टोपण बसवलेली उंच काठी. गर्दी बघून तो पुढे आला, वाकला, आणि त्याला पाटावर उभी चाती दिसली.

“ही मिलची चाती हाय,” तो म्हणाला.

इतक्या दिवसांत हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. घरात राख उकरणारी वस्तू मिलच्या फाटकावर आली की पुन्हा मिलची होते, हे कालिंदीला सुचलं नाही, कौसल्येला सुचलं नाही आणि रोज तिच्याभोवती बसणाऱ्या बावीस कामगारांनाही सुचलं नाही.

“भंगारातली आहे, दौलतराव,” रामदास म्हणाला.

“भंगार बी मिलचंच. कुणी आणली भायेर?”

“माझ्या बाबांनी,” कालिंदी बोलून गेली.

“नाव?”

कौसल्या हातातला डबा ठेवून पुढे आली. पट्टी बांधलेल्या हाताला दुसरा हात जोडून ती त्या फुटपाथवर, नवऱ्याच्या सगळ्या सोबत्यांसमोर, उभी राहिली.

“राख उकरूक होती ती, दादा. रागावू नका. तेंचा नाव नको घेऊ. ते आधीच तुरुंगात आसत.”

“दत्ताराम? सत्याग्रहवाला?” दौलतने पाट उचलला आणि चाती उपटून बगलेत मारली. “मग तर रिपोर्ट करायलाच लागंल.”

रिपोर्ट म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. सुटून आलेल्या माणसाला फाटक बंद. कौसल्येचा चेहरा उतरला. ती कालिंदीकडे न बघता म्हणाली, “चल. उचल पाटी.”

कालिंदीने घड्याळाकडे बघितलं. बारा चौतीस. बाबांची नोकरी आपण घालवली असं तिला वाटत होतं. तीन मिनिटांत सोळावा दिवस बुडणार होता आणि त्याबरोबर मागचे पंधराही. दौलत अजून तिथेच होता, डाव्या बगलेत चाती, उजव्या हातात काठी जमिनीवर ठाम टेकवून. काठी सरळ उभी होती. फरशीवर तिची सावली पडली होती.

“काका,” कालिंदी म्हणाली, “हलू नका.”

“काय?”

“काठी हलवू नका. तीन मिनिटं. चाती घेऊन जा, रिपोर्ट पण करा. पण काठी तेवढी धरा.”

पहारेकऱ्याला हल, नीघ, बाजूला हो असं सांगणारे पुष्कळ भेटतात, हलू नको म्हणणारं दौलतला कुणी भेटलं नव्हतं. तो तसाच राहिला. कालिंदी फरशीवर गुडघे टेकून बसली. काठी ओळंब्यात आहे की नाही हे बघायला तिला दोऱ्याला लटकवलेलं काहीतरी जड हवं होतं. दोरा पुडीचा मिळाला. जड काय? ती इकडेतिकडे बघू लागली.

कौसल्येने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या हातात दिला. पाटी उचल म्हणालेली ती बाई आता पाटी सोडून लेकीच्या शेजारी उभी होती.

“थोडी डावीकडे, काका. बास.”

“दौलतराव, श्वास पण घेऊ नका,” रामदास म्हणाला. “अख्ख्या मुंबईचा सूर्य तुमच्या काठीवर अडलाय.”

लोक हसले. दौलतच्या मिशा हलल्या, काठी हलली नाही. बारा छत्तीस, बारा सदतीस. पाटाची जागा आखायला ती रोज आणायची त्या खडूने केलेली खूण आत येत गेली, थांबली, आणि कालिंदीने शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं. मग पट्टी पुढेपुढे सरकवत तिने सावली मोजली आणि उभं राहून, चवड्यांवर होत, काठी मोजली. काठी चौसष्ट इंच, सावली साडेअठ्ठावन्न. तिथेच डब्याच्या झाकणावर खडूने भागाकार मांडला. कालची चातीची सावली आणि आजची काठीची सावली, आपापल्या उंचीने भागल्यावर, जवळजवळ एकच आकडा येत होता. उलट काठी मोठी, म्हणून तिचं मोजमाप जास्त बारीक.

“झालं का?” दौलतने विचारलं.

“आजचं झालं. उद्या पण लागेल.”

“उद्या?”

“पाच जानेवारीपर्यंत.”

दौलतने तिच्याकडे बघितलं, तिच्या आईच्या पट्टीकडे बघितलं आणि चाती घेऊन आपल्या खोपटात निघून गेला. त्या रात्री मायलेकी धड जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला दौलत फुटपाथवर आला, कालच्या खडूच्या खुणेवर त्याने काठी टेकवली आणि समोर बघत उभा राहिला. चाती मिलची होती, ती मिलमध्ये गेली. रिपोर्ट मात्र गेला नाही. त्याबद्दल ना कुणी विचारलं, ना त्याने सांगितलं. रविवारी मिल बंद, फुटपाथ ओस. कालिंदी एकटीच गेली तर फाटकापाशी दौलत काठी धरून उभाच होता.

“आज जरा उशीर केलास,” तो म्हणाला. तेवढंच.

पंचवीस तारखेला सावली थांबली तेव्हा मिलच्या घड्याळात बारा एकोणचाळीस झाले होते, म्हणजे नानांचे बरोबर बारा. कालिंदी धावत घरी गेली आणि तिने नानांना ते सांगितलं. नानांनी चहा टाकायला लावला आणि ते माळ्यावर प्रत्येक दारात जाऊन सांगून आले. पुढे सूर्य त्यांच्या बारालाही उशीर करू लागला, पाच मिनिटांपर्यंत. ते तिने वहीत लिहिलं आणि स्वतःपाशी ठेवलं.

अकरा जानेवारीला दादरला जाताना कौसल्या धुतलेलं लुगडं नेसून बरोबर निघाली. मंडळाच्या दिवाणखान्यात इतर मुलांचे रंगीत तक्ते होते, कुणाची दुर्बीण होती. कालिंदीजवळ आमटीचे डाग पडलेली वही होती. परीक्षक म्हणजे कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ. त्यांनी सावकाश पानं उलटली.

“हे वीस दिवस खोडले आहेत. मग पान फाडून का नाही टाकलंत?”

“चुकीच्या वेळी मोजले. पण मोजलेत खरेच.”

“हं. आणि सोळाव्या दिवसापासून साधन बदललं आहे. ‘दौलत यांची काठी.’ हे दौलत कोण?”

कालिंदीच्या आधी मागून कौसल्या म्हणाली, “फाटकावरचे शिपाई. पंधरा दिवस उनात उभे रवले ते. एक दिस चुकले नाय.”

गृहस्थांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. कौसल्या बसली नाही. मग ते वेळेच्या दोन रकान्यांकडे वळले. मिलची वेळ, नानांची वेळ. नाना कोण ते ऐकून ते मोठ्याने हसले, आणि मग त्यांनी कालिंदीला समजावून सांगितलं की सूर्य घड्याळासारखा चालत नाही, वर्षभर तो कधी पुढे असतो, कधी मागे. ती ऐकत होती आणि पेन्सिलने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहीत होती.

आठवड्याने शाळेच्या फळ्यावर यादी लागली. बारा नावं होती आणि आठवं कालिंदीचं होतं. सुभद्राबाई म्हणाल्या, “रविवारी येते तुझ्याकडे.”

घरी जाताना ती आधी नानांच्या दाराशी थांबली. हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“नाना, तुमचं घड्याळ रोज बरोबर नसतं. सूर्य आणि ते वर्षातून चारच दिवस जुळतात.”

नाना खुर्चीत होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं. उगाच सांगितलं असं कालिंदीला झालं.

“चार,” ते म्हणाले. “आणि त्या फाटकावरच्या घड्याळात? थंय किती दिस?”

“एकही नाही. आपल्या इथे बाराला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.”

नाना उठले. गॅलरीत आले, कठड्याला धरून खाली वाकले आणि चौकात कपडे धुणाऱ्या बायकांना, पोरांना, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “चार विरुद्ध शून्य!”

कालिंदी हसत हसत घरात शिरली. कौसल्या खाली बसून डबे भरत होती. यादीची बातमी तिला आधीच कुणीतरी देऊन गेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने सुजलेल्या हाताने एक झाकण दाबून बसवलं.

“दहावीची शाळा किती वाजता सुटता?”

कालिंदी दारातच थांबली. “साडेबाराला.”

“नानांच्या की मिलच्या?”

“मिलच्या.”

“मगे जूनपासून डबे पोचवूक एक बाई बघूक होयी,” कौसल्या म्हणाली, आणि तिने पुढचा डबा ओढला.